डबल मार्कर ‘लो रिस्क’, पण पॅप-ए ०.३६ आलंय. वार नीट धरेल ना?

आगरातली

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

मी गुहागर तालुक्यातली, वय २९. ही माझी दुसरी खेप. आज १३ आठवडे २ दिवस झाले, तारीख ऑगस्टच्या मध्यावरची दिलीय. गेल्या आठवड्यात चिपळूणला जाऊन एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) केला आणि त्याच दिवशी डबल मार्करचं, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा दोष असण्याची शक्यता बघायचं, रक्त दिलं. काल रात्री रिपोर्ट मोबाइलवर आला. एनटी १.५ मिमी, फ्री बीटा एचसीजी ०.९४ एमओएम, पॅप-ए ०.३६ एमओएम. खाली डाऊन सिंड्रोमची शक्यता १९०० मध्ये १, म्हणून हिरव्या अक्षरात ‘लो रिस्क’. पण त्या ०.३६ समोर एक छोटी चांदणी काढलीय आणि तिचा अर्थ कुठेच दिलेला नाही. फोन केला तर काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, “नॉर्मल आहे मॅडम.” डॉक्टरांची वेळ सोमवारची. तोवर मी नेटवर वाचत बसले, ती चूकच केली.

घाबरायचं कारण पहिली खेप. चार वर्षं झाली. एकतिसाव्या आठवड्यात पाय सुजले. सगळ्या म्हणाल्या, पहिलटकरणीला येतेच सूज. मग हाताची अंगठी साबण लावूनही निघेना. जिथे नाव घातलं होतं तिथे शेवटच्या दोन तपासण्यांना बीपीच घेतलं नव्हतं. कार्डावरचे ते दोन रकाने अजून कोरे आहेत, मी कार्ड जपून ठेवलंय. एका रात्री डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेजारच्यांच्या गाडीतून नेलं तेव्हा बीपी १७०/११०, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस. दोन दिवस इंजेक्शनं देऊन सीझर केलं. मुलगा १ किलो २८० ग्रॅमचा, ३६ दिवस काचेच्या पेटीत होता. आता तो आगरात पोफळीला मिठी मारून चढायला बघतो. देवाची कृपा.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच निघतो. माझी आजी सुईण होती. वार, म्हणजे प्लॅसेंटा, पडली की ती केळीच्या पानावर पसरायची, कंदील जवळ ओढायची आणि कडेकडेनं बोट फिरवत बघायची, कुठे तुकडा आत राहिला का. वार पुरी पडल्याशिवाय बाळंतीण सुटली म्हणू नये, असं ती म्हणायची. मग घराच्या मागे पोफळींच्या कडेला ती पुरायची. माझ्या वेळी आईनं स्टीलच्या भांड्यात माझी वार पाहिली. तळहाताहून जरा मोठी, आणि कडेला पांढरट, बोटाला घट्ट लागणारे चट्टे. आई म्हणाली, आजीनं ही बघितली असती तर तोंड फिरवलं असतं. ती वार कुणी वजन केली नाही, तपासायलाही पाठवली नाही.

तर मला हे कळायला हवंय की पॅप-ए म्हणजे नेमकं काय. डाऊनचा धोका कमी आहे मग चांदणी कशाला? बाळात काही दोष आहे का? की पुन्हा तशीच वार तयार होतेय? आणि हे काही खाऊन वाढतं का? जाणकारांनी कृपया सांगा. रात्री झोप लागत नाही.

जास्वंद

ताई, धीर धरा. माझ्या जावेचं बीपी वाढलं होतं तेव्हा मीठ पूर्ण बंद केलं होतं. तुम्हीही आजपासून आळणी खा. पपई, अननस नको. शहाळं रोज घ्या.

देवगडची दोघांची आई

माझं पॅप-ए ०.३१ होतं. मीही तुमच्यासारखीच नेटवर वाचून रडले होते. २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना वाढीचे स्कॅन केले, डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) दोनदा. मुलगी ३८व्या आठवड्यात, २ किलो ६०० ग्रॅम, साधी डिलिव्हरी. बीपी शेवटपर्यंत १२० च्या वर गेलं नाही. म्हणजे सगळ्यांचं वाईटच होतं असं नाही. मात्र त्या सगळ्या तपासण्या मी एकही चुकवली नाही, हेही सांगते.

सेंट्रीफ्यूज

आगरातली ताई, मी ३४ वर्षं लॅब टेक्निशियन होतो, शेवटची १५ वर्षं चिपळूणला. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्या चांदणीबद्दल बोलायला मी योग्य माणूस आहे.

आधी एक मनात पक्कं करा. हा रिपोर्ट वारेचा आहे. रक्त तुमच्या दंडातून काढलं, पण फ्री बीटा एचसीजी आणि पॅप-ए ही दोन्ही प्रथिनं वारेत तयार होऊन तुमच्या रक्तात उतरतात. आणि वार बाळाच्या पेशींची असते, तिच्यात वडिलांचाही अर्धा वाटा. म्हणून तुम्ही काही खाऊन पॅप-ए वाढत नाही, आणि काही न खाल्ल्यामुळे ते कमीही झालेलं नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

एचसीजी तुम्हाला ओळखीचं आहे. घरच्या टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवतं ते हेच. हे दोन साखळ्यांचं प्रथिन आहे. अल्फा साखळी थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचमध्येही अगदी तीच असते. त्याची ओळख पटते ती बीटा साखळीवरून, म्हणून आपण बीटा मोजतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अंडाशयातल्या कॉर्पस ल्युटियमला (बीज सुटल्यावर मागे राहिलेल्या गाठीला) ते गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनवत राहायला लावतं. आठ-दहा आठवड्यांच्या सुमारास ते शिखरावर असतं, त्याच वेळी वार स्वतः प्रोजेस्टेरॉनचं काम हाती घेते, आणि मग एचसीजी उतरू लागतं.

पॅप-एचा इतिहास मला फार आवडतो. गरोदर बायकांच्या रक्तात हे प्रथिन सापडलं १९७४ मध्ये. ते करतं काय, हे कळायला १९९९ उजाडलं. वाढीला लावणारी आयजीएफ नावाची संप्रेरकं रक्तात मोकळी फिरत नाहीत, त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या चौथ्या क्रमांकाच्या प्रथिनाला, आयजीएफबीपी-४ ला, पॅप-ए कात्रीसारखं कापतं आणि आयजीएफ सुटं होतं. ते सुटलं की वारेच्या पेशी वाढतात, आत रुजतात. कात्री कमी असली तर वाढीचा माल अडकून राहतो. डाऊन सिंड्रोममध्ये पहिल्या तिमाहीत पॅप-ए कमी आणि फ्री बीटा साधारण दुप्पट दिसतं. तुमचं फ्री बीटा ०.९४, एनटी नीट, वय २९. म्हणून तो हिशेब ‘लो रिस्क’ निघाला, आणि तो तसाच धरा. चांदणी दुसऱ्या कारणासाठी आहे. ०.४ च्या खाली साधारण शंभरातल्या पाच बायका येतात, आणि त्यांच्यात बाळ लहान राहणं, बीपी वाढणं, लवकर बाळंतपण होणं हे इतरांपेक्षा जास्त दिसतं. तरी बहुतेकींचं नीट पार पडतं, देवगडच्या ताईंसारखं. एकट्या पॅप-एवरून भाकीत करता येत नाही. म्हणून त्याच्या जोडीला बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर आणि पीएलजीएफ नावाचं वारेचं आणखी एक प्रथिन घेतात.

पहिल्या खेपेला काय झालं असेल? तुम्ही आगरातल्या, तर शिंपण्याच्या भाषेत सांगतो. वार रुजताना तिच्या पेशी गर्भाशयाच्या पिळदार रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्यांना रुंद करतात. अरुंद पाटाचा रुंद, संथ पाट होतो. रुंद झालाच नाही तर पाणी जोरानं येतं, आळ्यातली माती उकरतं, आणि कडेची पोफळ सुकते. तुमच्या आईनं पाहिलेले पांढरट घट्ट चट्टे बहुधा तसे सुकलेले भाग असतील. तुमच्या आजीला वार वाचता येत होती, असंच मी म्हणेन.

अशी उपाशी वार एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडते. ते पीएलजीएफला पकडून ठेवतं. मग आईच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. त्यातून बीपी, लघवीतलं प्रथिन, सूज, डोळ्यांपुढचे काजवे. यालाच प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. मूत्रपिंडाचे डॉक्टर अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं. तोवर आम्ही लघवीची नळी तापवून अल्ब्युमिन बघत होतो, पण ते कुठून सुरू होतं हे माहीत नव्हतं. आता या दोन प्रथिनांचं गुणोत्तर मोजता येतं. ते ३८ किंवा त्याहून कमी आलं तर पुढच्या आठवड्याभरात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता अगदी थोडी. पण ही तपासणी २० आठवड्यांनंतर, शंका आली तर करायची. आता पैसे घालवू नका. आमच्याकडून तिचा नमुना मुंबईला जायचा.

तुम्हाला सीझरआधी दोन दिवस दिलेली इंजेक्शनं, त्यातली काही बाळाच्या फुप्फुसांसाठी असणार. त्यातही वारेची एक गंमत आहे. आईचं कॉर्टिसोल (ताणाचं संप्रेरक) बाळापर्यंत जास्त पोचू नये म्हणून वारेत एक विकर (एन्झाइम) पहारा देतं आणि कॉर्टिसोलला निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. बीटामेथासोन, डेक्सामेथासोन या पहाऱ्यातून बऱ्यापैकी निसटतात, म्हणूनच ती औषधं निवडली. प्रीएक्लॅम्प्सियात आणि बाळाची वाढ खुंटलेली असताना हा पहाराही ढिला पडलेला सापडतो.

आता सोमवारी काय विचारायचं ते. पहिलं, फॉर्म तपासा. एमओएम म्हणजे तेवढ्याच दिवसांच्या, तेवढ्याच वजनाच्या बायकांच्या ओळीत मधोमध उभी असलेलीच्या तुलनेत तुम्ही किती. म्हणून वजन चुकीचं टाकलं की सगळं हलतं. खरं वजन जास्त आणि फॉर्मवर कमी लिहिलं असेल तर पॅप-ए उगाच कमी दिसतं. दिवस जास्त धरले तरी तेच होतं, कारण या आठवड्यांत पॅप-ए भराभर चढत असतं. शिवाय रक्त किती वेळात फिरवून सीरम वेगळं केलं हेही विचारा. उन्हाळ्यात न फिरवलेलं रक्त एसटीच्या टपावरून तापत आलं तर पूर्ण एचसीजी तुटतं आणि फ्री बीटा फुगलेलं दिसतं. असे नमुने मी परत पाठवलेत आणि त्यापायी बोलणीही खाल्लीत. पॅप-ए त्या मानानं टिकाऊ आहे.

दुसरं, आणि यात दिरंगाई नको. पॅप-ए ०.३६ असो वा १.३६, पहिल्या खेपेला ३४ आठवड्यांआधी प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला रात्रीच्या कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनचा विचार व्हायलाच हवा, आणि तो १६ आठवड्यांच्या आत. २०१७ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. धोका जास्त असलेल्या १,७७६ बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ पर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा नुसती खोटी गोळी दिली. ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया खोट्या गोळीच्या गटात ४.३ टक्के, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १.६ टक्के. तुम्ही १३ आठवड्यांच्या आहात, वेळ अजून हातात आहे. स्वतःहून दुकानातून आणून घेऊ नका. पण डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा, आणि ते कोरे रकाने असलेलं जुनं कार्ड सोबत न्या.

उपकेंद्रातली सिस्टर

बाय, काकांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे. मी दापोलीकडे उपकेंद्राला आहे, १८ वर्षं. मी फक्त हातानं करायच्या गोष्टी सांगते.

जास्वंदताई, राग मानू नका, पण आळणी खाऊन प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. नेहमीचं बेताचं मीठ खाऊ दे. खारातली मासळी रोज नको, इतकंच. कॅल्शियमची गोळी १४ आठवड्यांपासून आम्ही देतो, रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन, दोन वेळच्या जेवणाबरोबर एकेक. ती चुकवू नको. लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नको, दोन्हीत काही तासांचं अंतर ठेव. नाचणीची आंबील, भाकरी चालू ठेव.

बीपीचं मशीन घरी आणता आलं तर आण. घेताना पाच मिनिटं टेकून बस, पाय खाली टेकलेले, हात छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. पदर किंवा स्वेटरवरून घेतलेलं बीपी मी कार्डावर लिहीत नाही. वहीत तारीख घालून लिही. १४०/९० दिसलं तर पंधरा मिनिटांनी परत घे, आणि परत तेच आलं तर त्याच दिवशी दाखव. १६०/११० असेल तर वाट बघायची नाही, १०८ लाव. डोकं दुखून थांबत नाही, काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, तोंडावर सूज, लघवी कमी, बाळाची हालचाल कमी. यातलं काहीही झालं तर बीपी नीट दिसत असलं तरी जायचं. “पहिलटकरणीला येतेच सूज” हे वाक्य मी माझ्या गावात बंद केलंय.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे डॉक्टर बघतात. तुझं खासगीत चालू असलं तरी ये, कार्डावर जोखमीची म्हणून नोंद होऊ दे. आशाताईच्या वहीतही नाव लागलं पाहिजे. रात्री गाडी लागली तर तीच पहिली धावते.

आणि महिन्यांचा हिशेब कर. तुझा ३२ वा आठवडा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पडतो. तेव्हा पाऊस, झाडं पडतात, रस्ता बंद होतो. जूनच्या मध्यावरच मोठ्या दवाखान्याजवळ कुणाकडे राहायला जा. चिपळूण असेल तर उंचावरचं घर बघ. जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर विसरू नको. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. माहेरपण, ओटी वगैरे त्याआधी उरकून घ्या.

आगरातली

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी जाऊन आले. काकांच्या सांगण्याप्रमाणे फॉर्म मागितला. वजन ५२ लिहिलं होतं! मी ६१ किलोची आहे. ५२ हे पहिल्या खेपेच्या जुन्या केसपेपरवरून उतरवलं गेलं होतं. लॅबनं परत हिशेब करून दिला, पॅप-ए ०.४१. डॉक्टर म्हणाल्या, आकडा थोडा सुधारला, पण माझ्यासाठी तुमची पहिली खेप या आकड्यापेक्षा मोठी. जुनं कार्ड त्यांनी पाच मिनिटं वाचलं. त्या कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवून गप्प राहिल्या. मग बीपी दोन्ही हातांना घेतलं आणि रात्रीची अ‍ॅस्पिरिन १५० सुरू केली, ३६ आठवड्यांपर्यंत. डॉपलर २० च्या सुमारास, मग २८ पासून दर तीन-चार आठवड्यांनी वाढीचा स्कॅन. साखरेची ग्लुकोजची तपासणी आता एकदा आणि २४ ते २८ मध्ये परत. वारेच्या संप्रेरकांमुळे, विशेषतः लॅक्टोजेनमुळे, आईचं शरीर पुढे पुढे इन्शुलिनला जुमानेनासं होतं म्हणून, असं त्यांनी नीट समजावलं.

शेजारच्या काकू म्हणत होत्या की अ‍ॅस्पिरिननं रक्त जातं. मीही घाबरले होते. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ॲसिडिटी, दमा, रक्तस्राव असं सगळं विचारून मगच दिली. काल पहिली गोळी घेतली. सिस्टरताई, मामेबहीण सावर्ड्याला उंचावर राहते, जूनच्या १५ ला तिच्याकडे जायचं ठरलं. सासूबाई स्वतः म्हणाल्या, ओटी मेमध्ये भरू, आंबेही असतील.

काका, एकच विचारायचं राहिलं. या वेळी वार तपासायला देता येते का? की तसं मागणं विचित्र दिसेल?

सेंट्रीफ्यूज

वजनाचं वाचून बरं वाटलं. मागा, बिनधास्त मागा. पहिल्या खेपेचा इतिहास असताना ते विचित्र मुळीच नाही. मात्र आधीच सांगून केसपेपरवर लिहून घ्या, नाहीतर बाळंतपणाच्या गडबडीत वार कचऱ्यात जाते. नाळ आणि पडदे कापून वजन करायला सांगा. पुऱ्या दिवसांच्या बाळाला साधारण अर्धा किलोची वार असते. मग फॉर्मेलिनच्या डब्यात, वार पूर्ण बुडेल एवढ्या द्रवात, बाहेर तुमचं नाव, तारीख आणि बाळाचं वजन. डबा मोठ्या तोंडाचा असू दे. लहान बरणीत कोंबलेली वार आतून कुजून येते आणि मग कुणालाच काही वाचता येत नाही. पण त्याआधी आईला एकदा हातमोजे देऊन बघू द्या म्हणावं.

आगरातली

आईला आत्ताच सांगितलं. ती म्हणाली, मी कंदील घेऊन येते.

बीपी आज सकाळी ११२/७०.